शत्रुराष्ट्राचे पाद्री : मुंबईचा किनारा, पनवेलची खाडी आणि १८१३ ची हद्दपारी

१/ पनवेलच्या बंदरातून ओहोटीबरोबर पडाव सुटला आणि वारा अनुकूल असला, की काही तासांत मुंबई गाठता येई. १८१३ साली मात्र तेवढ्याच प्रवासात माणूस एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात प्रवेश करी. पनवेल पेशव्यांचे होते आणि मुंबई ईस्ट इंडिया कंपनीची. त्या वर्षी मुंबईत असे दोन परदेशी धर्मोपदेशक राहत होते, ज्यांना कंपनी ठेवून घ्यायला तयार नव्हती आणि ज्यांचा स्वतःचा देश कंपनीच्या देशाशी युद्धात गुंतला होता. आजचा थ्रेड त्यांच्याविषयी.

२/ गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ही त्यांची नावे. दोघेही अमेरिकेचे. पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कार्याचा आरंभ त्यांच्यापासून होतो. सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन-प्रशिक्षणाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या अहमदनगरच्या मिस सिंथिया फरार याच मिशनच्या. १८४२ मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ही याच मिशनचे. परंतु या साऱ्याच्या आधी दोन वर्षे अशी गेली, की हे मिशन पहिल्याच पावलावर संपले असते.

३/ आपल्या मनात एक समीकरण पक्के बसलेले असते : गोरा पाद्री म्हणजे गोऱ्या सरकारचा माणूस. पुढच्या काळातील काही प्रसंगी हे समीकरण जुळतेही. १८१३ च्या मुंबईत मात्र ते जुळत नाही. तेथे गोरे सरकारच गोऱ्या पाद्र्याला जहाजावर चढवून परत पाठवू पाहत होते. असे का घडले, हे समजून घेण्यासाठी प्रथम मॅसॅच्युसेट्समधील सेलम या बंदराकडे जावे लागेल.

४/ ६ फेब्रुवारी १८१२. सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांना परदेशी सेवेची दीक्षा देण्यात आली : अडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. त्याच महिन्यात ते दोन जहाजांतून निघाले. जडसन आणि न्यूएल ही दांपत्ये ‘कॅरव्हॅन’वर होती, तर उरलेली मंडळी फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’वर. ‘कॅरव्हॅन’ १७ जून १८१२ रोजी कलकत्त्यास पोहोचले.

५/ आता पुढची तारीख पाहा. १८ जून १८१२ रोजी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. ब्रिटिश आरमार अमेरिकी जहाजांवरील खलाशांना बळाने आपल्या सेवेत ओढत असे आणि नेपोलियनशी चाललेल्या संघर्षात अमेरिकेच्या व्यापारावर बंधने घालत असे. हा राग अखेर युद्धापर्यंत गेला. शिडाच्या जहाजांच्या त्या काळात ही वार्ता हिंदुस्थानात यायला कित्येक महिने लागणार होते. कलकत्त्यात उतरलेले हे तरुण एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

६/ कंपनीला ते नकोसे होते, त्याचे मूळ कारण मात्र हे युद्ध नव्हे. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या शिपायांनी उठाव केला होता. नव्या धाटणीचे पागोटे, दाढी-मिशांवरील निर्बंध आणि कपाळावरील गंध पुसण्याचा हुकूम यांमुळे आपला धर्म बुडवला जाणार, अशी भीती शिपायांत पसरली होती. कंपनीतील अनेकांनी त्यातून एक धडा घेतला : प्रजेच्या धर्माला धक्का लागला तर राज्य जाईल. म्हणून मिशनरी नकोत. मिशनरी नकोत हे धोरण वेल्लोरच्याही आधीचे होते. इंग्रज विल्यम कॅरीनेही १८०० मध्ये कंपनीच्या मुलखाऐवजी डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपुरात बस्तान मांडले, ते त्यामुळेच.

७/ अमेरिकी मंडळींना कलकत्ता सोडण्याचा हुकूम झाला आणि मग त्यांची पांगापांग झाली. न्यूएल दांपत्य मॉरिशसच्या दिशेने निघाले. वाटेत त्यांचे नवजात बाळ गेले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएट न्यूएल मॉरिशस बेटावर वारली. तिचे वय अवघे १९ होते. जडसन आणि राइस यांनी बाप्टिस्ट पंथ स्वीकारला. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. हॉल आणि नॉट मात्र ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईच्या धक्क्यावर उतरले.

८/ मुंबईचे गव्हर्नर होते सर इव्हान नेपियन. मुंबईकरांना ‘नेपियन सी रोड’ ठाऊक असतो. हे नेपियन त्याच नावाचे. लंडनच्या गृहखात्यात आणि आरमारखात्यात आयुष्य घालवलेला हा मुरब्बी प्रशासक व्यक्तिशः श्रद्धाळू ख्रिस्ती होता. मिशनऱ्यांविषयी त्याच्या मनात सहानुभूती होती. परंतु त्याच्या वर कलकत्त्याचे गव्हर्नर जनरल होते आणि तेथून आलेला हुकूम स्पष्ट होता : या दोघांना इंग्लंडला रवाना करा.

९/ दोघांची बाजू किती लंगडी होती, ते पाहा. एक, कंपनीच्या मुलखात राहण्याचा परवाना त्यांच्यापाशी नव्हता. दोन, इंग्लंडला जाण्याचा हुकूम असताना ते मुंबईस आले होते. तीन, युद्धाची वार्ता पोहोचल्यावर ते आता शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले होते. चौथी गोष्ट कोणत्याही हुकुमात लिहिलेली नव्हती, पण ती सर्वांना दिसत होती : त्यांच्या वतीने बोलणारे, त्यांना अभय देणारे कोणतेही सरकार जवळपास नव्हते.

१०/ अशा स्थितीत परदेशी माणसापुढे दोन वाटा असतात, पळून जाणे किंवा अर्ज करीत राहणे. हॉल आणि नॉट यांनी दोन्ही वाटा चोखाळल्या. १८१३ च्या अखेरीस त्यांना जहाजावर चढवण्याची तयारी झाली, तेव्हा ते गुपचूप किनाऱ्याने जाणाऱ्या गलबतातून दक्षिणेकडे निघाले. सिंहलद्वीप, म्हणजे आजचे श्रीलंका, गाठण्याचा त्यांचा बेत होता. त्या बेटाचा किनारी प्रदेश ब्रिटिश राजसत्तेच्या थेट अंमलाखाली होता आणि कंपनीचा कायदा तेथे चालत नसे. परंतु कोचीन येथे ते पकडले गेले आणि त्यांना मुंबईस परत आणण्यात आले.

११/ या पलायनाने त्यांची नैतिक बाजू दुबळी झाली, हे मान्य करायला हवे. ज्या गव्हर्नराने त्यांना मवाळपणे वागवले होते, त्यालाच त्यांनी अडचणीत टाकले. पण त्यानंतर, डिसेंबर १८१३ मध्ये, हद्दपारी अगदी दाराशी आली असताना त्यांनी नेपियन यांना जे निवेदन धाडले, ते या प्रकरणातील सर्वांत उल्लेखनीय कागद आहे. त्यात त्यांनी कायद्याचा कीस काढण्यापेक्षा गव्हर्नराच्या सदसद्विवेकाला हात घातला. आपण ज्या देवाला मानता त्याच्याच कामासाठी आम्ही आलो आहोत. आम्हाला घालवून दिलेत, तर अंतिम न्यायाच्या दिवशी त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल, असा त्याचा आशय होता.

१२/ हे धाडसच होते. ज्याच्या हातात आपले भवितव्य आहे, त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे हे निवेदन. आणि त्याचा परिणाम झाला. नेपियन यांनी त्यांची रवानगी थांबवली आणि वरिष्ठांकडून फेरविचार होईपर्यंत त्यांना मुंबईत राहू दिले. वसाहतीचे प्रशासन म्हणजे एकसंध यंत्र नव्हते, हे येथे ध्यानात येते. कलकत्त्याचा हुकूम आणि मुंबईची अंमलबजावणी यांच्यामध्ये एका माणसाचे मन आणि संथ टपाल, एवढी जागा शिल्लक होती.

१३/ दरम्यान लंडनमध्ये पारडे फिरले होते. १८१३ चा सनदी कायदा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांना पाठ असतो. शिक्षणासाठी वार्षिक एक लाख रुपयांची तरतूद तीच. त्याच कायद्याने धर्मप्रसारासाठी हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्यांना परवाना मिळण्याचा मार्गही मोकळा केला. कंपनीचे संचालक चार्ल्स ग्रँट आणि पार्लमेंटमधील विल्बरफोर्स यांचा पक्ष कित्येक वर्षे त्यासाठी झगडत होता. या बदललेल्या वाऱ्याचा लाभ मुंबईतील दोन अमेरिकनांना मिळाला. १८१४ मध्ये हद्दपारीचे सावट ओसरू लागले. पत्नी आणि मूल गमावलेले न्यूएलही सिंहलद्वीपाहून त्यांना येऊन मिळाले.

१४/ २४ डिसेंबर १८१४ रोजी गेंट येथे तह झाला आणि अमेरिका-ब्रिटन युद्ध संपले. पण या ताणाची किंमत चुकवावी लागलीच. प्रकृती ढासळल्यामुळे नॉट १८१५ मध्ये मायदेशी परतले. हॉल आणि न्यूएल मराठी शिकत राहिले, शाळा काढत राहिले. १८१७ मध्ये मिशनच्या छापखान्यातून मराठी मजकूर छापून बाहेर पडू लागला. याच छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. धर्मप्रसारासाठी आणलेल्या यंत्राचे कसब अशा रीतीने पंचांगाच्या कामी आले.

१५/ आता पुन्हा पनवेलकडे वळू. छापखाना सुरू झाला त्याच वर्षी खाडीपलीकडे वणवा पेटला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्याच धामधुमीत मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या व्हॉन या दोघा इंग्रज भावांना तळेगावास पकडून फाशी देण्यात आले. बोरघाटाची ती वाट गोऱ्या प्रवाशाला एकाएकी प्राणघातक झाली. जानेवारी १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने पनवेलजवळचा कर्नाळा घेतला. १० मे १८१८ रोजी रायगड पडला. पनवेल आता कंपनीच्या अमलाखाली आले.

१६/ येथे या कथेतील खरा पेच उभा राहतो. ज्या कंपनीने हॉल यांना हद्दपार करायला घेतले होते, तिच्याच विजयाने त्यांना खाडीपलीकडचा मुलूख मोकळा झाला. मुंबई बेटापुरते सीमित असलेले मिशन कोकणपट्टीत उतरले. चौल-रेवदंड्यापर्यंत शाळा निघाल्या. हॉल घाटावरही फिरू लागले. साम्राज्याने छळलेला माणूस पाच वर्षांत साम्राज्याने पाडलेल्या वाटेवरून चालू लागला. त्यांनी ती वाट पाडली नव्हती, हे खरे. तिचा लाभ त्यांनी घेतला, हेही तितकेच खरे.

१७/ तरीही सत्ता त्यांच्या पाठीशी उभी राहिली असे नाही. १८१९ मध्ये गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नव्याने जिंकलेल्या प्रजेच्या धर्मभावनांना फार जपत. सरकारी शिक्षणात धर्मप्रचार मिसळू नये, हा त्यांचा कटाक्ष होता. आणि ज्यांना उपदेश करायचा, ते लोक? हॉल यांच्या हयातीत धर्मांतरे अगदी विरळा झाली. लोकांनी शाळा घेतल्या, अक्षरे घेतली, छपाई घेतली आणि धर्म बहुतांशी आपापलाच ठेवला. या शाळांत शिकलेल्या आणि शिकवलेल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाचेच पाहा. त्याचे पनवेलचे ‘बेथ एल’ सिनेगॉग १८४९ चे आहे आणि आजही उभे आहे.

१८/ सेलमच्या त्या पाच जणांपैकी जडसन आठवतात? ते ब्रह्मदेशात होते. १८२४ मध्ये तेथे पहिले इंग्रज-ब्रह्मी युद्ध सुरू झाले आणि आवाच्या दरबाराने जडसनना इंग्रजांचे हेर समजून जूनमध्ये साखळदंडांत तुरुंगात टाकले. आपण अमेरिकन आहोत, इंग्रज नव्हे, हे सांगून उपयोग झाला नाही. मुंबईत हॉल ‘इंग्रजांचे शत्रू’ म्हणून नकोसे होते, तर आव्यात जडसन ‘इंग्रजच’ म्हणून बेड्यांत होते. एकाच दिवशी, एकाच चर्चमध्ये दीक्षा घेतलेल्या दोघांच्या कपाळी दोन राजसत्तांनी परस्परविरुद्ध शिक्के मारले.

१९/ २४ फेब्रुवारी १८२६ च्या यांदाबोच्या तहाने ते युद्ध संपले. पुढच्याच महिन्यात इकडे हॉल नाशिक परिसरात फिरतीवर होते. तेथे पटकीची साथ थैमान घालत होती. आदल्याच वर्षी त्यांची पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेस गेली होती. परतीच्या वाटेवर, मुक्कामासाठी थांबले असताना, हॉल यांनाच पटकीने गाठले आणि २० मार्च १८२६ रोजी काही तासांत त्यांचा अंत झाला. वय ४१. जवळ ना कुटुंब होते, ना सहकारी मिशनरी. न्यूएल पाच वर्षांपूर्वीच, १८२१ मध्ये, त्याच रोगाने गेले होते.

२०/ या कथेतून हॉल यांना संत ठरवण्याचे कारण नाही. येथील धर्मांविषयी त्यांची मते त्यांच्या काळातील मिशनऱ्यांसारखीच कठोर होती आणि पलायनाचा डाव काही सरळ नव्हता. पण त्यांना ‘साम्राज्याचा हस्तक’ या एका शब्दात गुंडाळणेही चुकीचे ठरेल. अशांत काळात परक्या देशात राहणारा माणूस स्वतःला काय समजतो, याला फारसे मोल नसते. सत्ता त्याला काय समजते, त्यावर त्याचे राहणे-जाणे ठरते. आणि सत्तेची ती समजूत युद्धाच्या एका बातमीने, दूरच्या एका कायद्याने किंवा गव्हर्नराच्या टेबलावरील एका कागदाने बदलू शकते.

२१/ १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेल हे मुंबई-पुणे वाटेवरील नित्याचे ठाणे बनले. दोन राज्यांमधली सीमा प्रवाशांच्या स्मरणातूनही पुसली गेली. पुढच्या वेळी खाडीवरचा पूल ओलांडताना क्षणभर आठवून पाहा : याच पाण्याच्या पल्याड, दोनशे वर्षांपूर्वी, दोन परदेशी माणसे आपल्याला राहू दिले जाईल की नाही याच्या उत्तराची वाट पाहत होती.

थ्रेड समाप्त. आपल्या गावात जुन्या मिशन शाळेची किंवा दफनभूमीची खूण असेल, तर अवश्य सांगा. इतिहास पुष्कळदा अशाच कोपऱ्यांत दडलेला असतो.