चार्ट बघून कापूस घरात ठेवणाऱ्यांसाठी

सीझन आला की व्हॉट्सॲपवर भविष्यवाल्यांचंही पीक येतं. "फेब्रुवारीत कापूस दहा हजार, चार्ट सांगतोय!" म्हणून जरा जुना इतिहास सांगतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये हॉलब्रुक वर्किंग नावाचे अर्थतज्ज्ञ गव्हाच्या वायद्यांचा अभ्यास करत. १९३४ मध्ये त्यांनी दाखवलं की चिठ्ठ्या काढल्यासारखे कसेही आकडे घेऊन बेरीज करत गेलं, तरी कागदावर बाजारभावासारखाच आलेख उमटतो. तेजी, मंदी, सगळं त्यात! १९५३ मध्ये मॉरिस केंडल यांनी शिकागोच्या गव्हाचे १८८३ ते १९३४ या काळातले आठवडी भाव तपासले. मागच्या चढउतारावरून पुढचा पत्ता लागेना. कारण १९६५ मध्ये पॉल सॅम्युएलसन यांनी गणितात मांडलं. पाऊस, पेरा, निर्यात, जे कळलंय ते आजच्या वायद्यात आधीच धरलेलं असतं. भाव हलतो तो न कळलेल्या गोष्टीनं.

त्याआधीच, १९६३ मध्ये आयबीएमच्या बेन्वा मँडेलब्रॉ यांनी कापसाचेच जुने भाव काढले होते. पुस्तकी हिशेबानं क्वचितच दिसाव्यात अशा मोठ्या उड्या त्यात पुन्हा पुन्हा सापडल्या. म्हणजे दिशा कळत नाही ती नाहीच, वर झटकाही मोठा.

हे आपण भोगलंय. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या पुढे गेला. पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून लोकांनी घराघरात कापूस भरून ठेवला, अंगाला खाज सुटेपर्यंत. भाव आला सात-साडेसात.

मग वायदा कशाला? भाव ओळखायला नाही, बांधून घ्यायला. १९७६ मध्ये फिशर ब्लॅक यांनी वायद्यावरच्या ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र दिलं. ऑप्शन म्हणजे थोडे पैसे भरून भावाचा विमा, असं समजा. सूत्र छान, पण त्यातही मँडेलब्रॉच्या उड्या धरलेल्या नाहीत. आणि एमसीएक्सवर सौदा होतो रुईचा, तोही मोठ्या लॉटमध्ये. आपल्याकडे सरकीसकट पाच-दहा क्विंटल. हा विमा जिनिंगवाल्याच्या कामाचा, आपल्या नाही. सोयाबीनचं तर तेही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीन, गहू, हरभऱ्यासह सात मालांचे वायदे वर्षासाठी थांबवले, आणि ती मुदत पुढे वाढतच गेली.