चौदाहून लहान छाया

वडवणीसारख्या तालुक्याच्या गावी बारावीचा विद्यार्थी जेईईच्या तयारीला बसतो, तेव्हा असमतांचे प्रश्न त्याला प्रथम सोपेच वाटतात. ६/क्ष < २ हा प्रश्न घ्या. दोन्ही बाजूंना क्ष ने गुणले, ६ < २क्ष झाले, म्हणून क्ष > ३. पर्यायांत हे उत्तर हटकून असते, आणि ते अपुरे असते. क्ष = −१ घालून पाहा: −६ < २. सगळ्या ऋण संख्या चालतात! क्ष धन की ऋण हे न विचारता गुणले, तिथे उत्तराचा एक सबंध भाग गळाला. ‘ऋण संख्येने गुणले की चिन्ह उलटते’ हा नियम या विद्यार्थ्याला पाठ असतो. क्ष च्या पोटात ऋण संख्या दडलेली असू शकते, हे मात्र त्याच्या ध्यानात येत नाही.

ही दक्षता आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. आपले गाव त्यांनी सह्याद्रीजवळचे विज्जडवीड असे सांगितले आहे. ते गाव म्हणजे बीड असे मानणारेही आहेत. पाटण, विजापूर असेही पक्ष आहेत. तो वाद आम्ही इतिहासकारांवर सोडतो. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या त्यांच्या बीजगणितात एक उदाहरण आहे. बारा अंगुळे उंचीच्या शंकूची छाया घ्या. तिच्यातून कर्णाचा तिसरा भाग वजा केला, तर चौदा अंगुळे उरतात. छाया किती?

छाया क्ष मानू. कर्ण ३(क्ष − १४) झाला. पायथागोरसच्या नियमाने ९(क्ष − १४)² = क्ष² + १४४. सोडवल्यावर २क्ष² − ६३क्ष + ४०५ = ०, आणि उकली दोन: २२½ व ९. समीकरणात दोन्ही चपखल बसतात. भास्कराचार्य मात्र ९ ही उकल नाकारतात, कारण ती चौदाहून लहान आहे. नऊतून काहीतरी वजा करून चौदा कसे उरणार? कर्णाची लांबी −१५ येईल. क्ष > १४ ही अट मूळ प्रश्नातच होती. वर्ग करताना ती पुसली गेली, आणि आचार्यांनी ती परत आणली. असमतेचे चिन्ह नाही, पण विचार असमतेचाच आहे. आमच्या मते अकरावीच्या वर्गात हे उदाहरण अवश्य सोडवून घ्यावे.

चिन्हे पुष्कळ नंतरची. बरोबरचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डच्या १५५७ च्या पुस्तकात आले. < आणि > ही टॉमस हॅरियटच्या, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी म्हणजे १६३१ साली छापलेल्या ग्रंथात दिसतात. पण चिन्ह मिळाले म्हणून अडचण संपली नाही. जॉन वॉलिस हा काही लहान गणिती नव्हे. १६५६ च्या ग्रंथात त्याचा तर्क थोडक्यात असा: १/३, १/२, १/१ असा छेद कमी होत गेला की किंमत वाढते, छेद शून्य झाला की ती अनंत होते, मग छेद शून्याहूनही लहान, म्हणजे ऋण झाला, तर किंमत अनंताहूनही मोठी असली पाहिजे! आमच्या विद्यार्थ्याची गफलत याच जातीची. धन संख्यांपुरता खरा असलेला नियम शून्य ओलांडून तसाच पुढे नेला. याच वॉलिसने १६८५ मध्ये पाच यार्ड पुढे आणि आठ यार्ड मागे चालणाऱ्या माणसाचे उदाहरण देऊन −३ रेषेवर दाखवला.

तेव्हा फळ्यावर संख्यारेषा काढूनच ६/क्ष < २ सोडवावे. क्ष शून्य नाही, म्हणून क्ष² नक्की धन. त्याने गुणण्यास हरकत नाही. ६क्ष < २क्ष², म्हणजेच क्ष(क्ष − ३) > ०. दोन्ही अवयव धन असतील तर क्ष > ३. दोन्ही ऋण असतील तर क्ष < ०. रेषेवर ० आणि ३ येथे पोकळ वर्तुळे काढून बाहेरचे दोन्ही भाग रंगवावेत, आणि मधला एखादा आकडा, समजा १, मुलांकडून मूळ प्रश्नात घालून घ्यावा.