कातडीवरच्या विषाची मोजदाद

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर यांनी पॅराथिऑन हे कीटकनाशक तयार केलं आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत ते अमेरिकेतल्या फळबागांवर फवारलं जाऊ लागलं. फवारणारे मजूर आजारी पडले तेव्हा संशय श्वासावर जाणं स्वाभाविक होतं, कारण कारखान्यातली विषं नाकातून जातात हे ठाऊक होतं. वॉशिंग्टन राज्यातल्या वेनाची इथे काम करणाऱ्या विल्यम डरॅम आणि होमर वुल्फ यांनी हा संशय मोजून पाहिला. मजुराच्या अंगावर आणि कपड्यांवर ठिकठिकाणी शोषक पट्ट्या लावायच्या, हात धुऊन ते पाणी तपासायचं, मास्कमधली गाळणीही तपासायची. मग पट्टीवरच्या विषाला त्या अवयवाच्या क्षेत्रफळाने गुणायचं. १९६२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्यांनी ही रीत मांडली. फवारणाऱ्याच्या कातडीवर पडणारं विष श्वासाबरोबर आत जाणाऱ्या विषाच्या कित्येक पट असतं, हे त्यातून दिसलं. तोंडावर फडकं बांधलं की माणूस सुरक्षित झाला, ही समजूत तिथेच मोडायला हवी होती.

पण या मोजदादीत एक माणूस गृहीत धरलेला होता, आणि माझा आक्षेप त्या गृहीतकाला आहे. हिशेबातला मजूर आखूड बाह्यांचा, उघड्या गळ्याचा सदरा घालतो. हातमोजे, टोपी घालत नाही. आणि कपड्याखालचं अंग सुरक्षित राहतं. शिवाय पट्टीवर जेवढं पडलं तेवढंच त्या अवयवावर सगळीकडे पडतं. १९८०च्या दशकात रिचर्ड फेन्स्के यांनी फवाऱ्यात चमकणारं द्रव्य मिसळलं आणि काम संपल्यावर मजुरांना अतिनील प्रकाशात उभं केलं. कपड्यांखालीही डाग चमकले, आणि तेही एकसारखे नव्हते. पट्टी चार बोटं इकडेतिकडे सरकली असती तर आकडा पार बदलला असता. त्यातच हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली दाखवलं होतं की पॅराथिऑन सगळ्या कातडीतून सारखं शिरत नाही. कोपराखालच्या हातावरून नऊ टक्क्यांच्या आसपास, कपाळावरून तिसऱ्या हिश्शाहून जास्त, तर अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळं. म्हणजे जो भाग कपड्याने झाकलेला म्हणून हिशेबातून वगळला, तोच सगळ्यांत उघडा होता.

यावर कोणी म्हणेल की पट्ट्यांचा खटाटोप हवा कशाला. या विषाने मंदावणारं रक्तातलं कोलिनेस्टरेज हे विकर किंवा लघवीतले विषाचे अंश तपासले की झालं. ती तपासणी मोलाचीच आहे, पण शरीरात विष गेलं एवढंच ती सांगते. ते गळक्या पंपामुळे पाठीतून गेलं, औषध कालवताना बोटांतून गेलं, की ओल्या पिकातून चालताना मांड्यांतून, हे कळलं नाही तर बदलायचं काय? दुसरा आक्षेप सरासरीचा: एका पट्टीची चूक दुसरी भरून काढते. नियम ठरवणाऱ्याला हे पुरेसं वाटेल. विषबाधा मात्र सरासरीला होत नाही, ज्याच्या अंगावर जास्त सांडलं त्याला होते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. संरक्षक कपडे घातले नाहीत, हा ठपका लगेच त्यांच्यावर आला. त्या वर्षी बऱ्याच शिवारांत पऱ्हाटी माणसाच्या छातीच्याही वर गेली होती. फवारा वर मारावा लागत होता आणि तो अंगावरच उतरत होता. दमट उकाड्यात घामाने भिजलेला सुती सदरा विष अडवत नाही, ते कातडीला धरून ठेवतो. जाड प्लास्टिकचा पोशाख त्या उन्हात दिवसभर अंगावर ठेवा म्हणणं हा उपाय नव्हे. म्हणून मोजदाद इथल्या पिकात, इथल्या कपड्यांत, पाठीवरच्या पंपासकट व्हायला हवी. आणि ती फवारणाऱ्यापाशी थांबता कामा नये. १९६३ साली कॅलिफोर्नियात नव्वदहून अधिक मजुरांना विषबाधा झाली, ते पीच तोडणारे होते. फवारणी त्यांनी केलीच नव्हती. विष पानांवर उरलं होतं. आपल्याकडे फवारलेल्या कपाशीत निंदायला बाया उतरतात, त्यांच्या हातांचं मोजमाप आधी घ्यावं.