सलाईन चालत नाही: लायपोसोम, आयन आणि काला-आजार

काला-आजाराने बंगाल, आसाम आणि बिहारमध्ये शतकाहून अधिक काळ असंख्य बळी घेतले. २०२३ अखेर देशातील सर्व बाधित प्रखंडांत रुग्णांचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून खाली आले. या यशात फवारणी आणि वेळेवरचे निदान यांचा वाटा आहेच. शिवाय २०१४पासून राष्ट्रीय कार्यक्रमात प्रथम पसंतीचे ठरलेले, एकाच मात्रेत दिले जाणारे लायपोसोमयुक्त ॲम्फोटेरिसिन-बीदेखील त्यात महत्त्वाचे आहे. या औषधासोबत एक ताकीद असते: ते सलाईनमध्ये मिसळू नये, डेक्स्ट्रोजच्या द्रावणातच द्यावे. साध्या मिठाच्या पाण्याचे या औषधाला वावडे का असावे? त्याचे उत्तर लायपोसोमच्या जन्मकथेत आहे.

पेशीचे आवरण लिपिडच्या दुहेरी थराचे असते, हा विचार गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५मध्ये नेदरलँड्समध्ये मांडला. पेशीच्या आत पोटॅशियम अधिक, बाहेर सोडियम अधिक. हा भेद राखण्यात लिपिडचा वाटा किती आणि प्रथिनांचा किती, हे मात्र जिवंत पेशीत वेगळे करून पाहता येत नव्हते.

ती वाट इंग्लंडमधील बॅब्रहॅम येथे ॲलेक बँगम यांना सापडली. त्यांनी आणि हॉर्न यांनी पाण्यात फुगलेले फॉस्फोलिपिड टंगस्टनयुक्त क्षाराच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक बंद थर त्यांना दिसले. ही निरीक्षणे १९६४मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी बँगम, स्टँडिश आणि वॉटकिन्स यांनी या थरांत आयन कोंडले आणि ते किती वेगाने बाहेर झिरपतात, हे मोजले. प्रथिनांचा लवलेश नसतानाही हे थर पेशीपटलासारखे वागत होते. क्लोराइड झरझर बाहेर पडे, पण सोडियम-पोटॅशियमसारखे धन आयन फार सावकाश. थराचा ऋण प्रभार कमी केला की त्यांची गती आणखी मंदावे. थर धन प्रभारित केला तर त्यांची वाट जवळजवळ बंदच होई. आवरणावरील प्रभार आणि भोवतालचे आयन यांचे नाते त्यातून स्पष्ट झाले. लायपोसोम हे नाव १९६८मध्ये रूढ झाले.

इकडे भारतात काला-आजारावरील उपचारांची सुरुवात एका उपधातूने झाली होती. कोलकात्याच्या कॅम्पबेल रुग्णालयात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी अँटिमनीचे युरिया स्टिबामाइन हे संयुग सिद्ध केले आणि त्याने असंख्य प्राण वाचवले. पुढे बिहारमधील परजीवी अँटिमनीला दाद देईनासे झाले. पर्याय होता ॲम्फोटेरिसिन-बी. ते परजीवीच्या आवरणातील अर्गोस्टेरॉलला चिकटते, आवरणाला छिद्रे पडतात आणि आतले पोटॅशियम बाहेर ओघळते. दुर्दैवाने आपल्या पेशींतील कोलेस्टेरॉललाही ते काही प्रमाणात चिकटते. त्यामुळे मूत्रपिंडांना इजा होते. लायपोसोममध्ये बसवल्यावर हा धोका पुष्कळ घटतो. बिमल कुमार बच्छावत यांनी असे औषध भारतातच विकसित करण्याचा ध्यास घेतला. त्याच्या चाचण्यांत मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा मोठा सहभाग होता.

२०१०मध्ये श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी बिहारमधील ४१२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लायपोसोमयुक्त औषधाच्या एका मात्रेने ९५.७ टक्के रुग्ण बरे झाले. जुन्या पद्धतीच्या पंधरा मात्रांनी ९६.३ टक्के. गुण जवळजवळ सारखाच, पण महिनाभर रुग्णालयात अडकून मजुरी बुडवण्याची गरज उरली नाही.

आता त्या ताकिदीकडे वळू. या लायपोसोमच्या आवरणात ऋण प्रभारित लिपिड असते. समान प्रभारामुळे हे सूक्ष्म गोल एकमेकांपासून दूर राहतात. मिठाच्या पाण्यातील सोडियम आयन त्या प्रभाराभोवती गोळा होऊन त्याला झाकतात. मग गोल एकमेकांना चिकटून साका बसण्याचा धोका असतो. डेक्स्ट्रोजच्या रेणूंवर प्रभारच नसल्याने ही भीती नाही.

बँगम यांच्या १९६५च्या निबंधाचा विषय औषध नव्हता. लिपिडच्या थरातून आयन कसे जातात, एवढाच त्यांचा प्रश्न होता. बिहारच्या एखाद्या रुग्णालयात परिचारिका सलाईन बाजूला ठेवून डेक्स्ट्रोजची बाटली उचलते, तेव्हा तीही आवरणावरील प्रभार आणि भोवतालचे आयन यांच्या नात्याचीच दखल घेत असते.