न ऐकू येणारी गिटार

काउंट बेसीच्या वाद्यवृंदाचं ‘वन ओ’क्लॉक जंप’ हे १९३७ सालचं ध्वनिमुद्रण मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा त्यात गिटार आहे हे मला कळलंच नव्हतं. पियानो, सॅक्सोफोन, ट्रम्पेट सगळं ओळखू आलं. वादकांच्या यादीत मात्र फ्रेडी ग्रीन हे नाव होतं. तो त्याच वर्षी बेसीकडे आला आणि मधला थोडा काळ सोडला तर १९८७ साली मरेपर्यंत त्याच वाद्यवृंदात राहिला. एकल वादन त्याने जवळजवळ केलंच नाही. अशा माणसाचा इतिहास लिहायचा तरी कशावरून? या प्रश्नाचं उत्तर मला कागदापेक्षा गिटारवर जास्त सापडलं.

ब्लूजचा सांगाडा साधा आहे. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार, की पुन्हा पहिल्यापासून, आपल्या आवर्तनासारखं. कॉर्ड तीनच. पहिले चार बार षड्जावरची, मग दोन मध्यमावरची, दोन षड्जावरची, एक पंचमावरची, एक मध्यमावरची आणि शेवटी दोन पुन्हा षड्जावरची. जॅझ वाजवणाऱ्यांनी यात भर घातली. दुसऱ्याच बारमध्ये मध्यमावर जाऊन यायचं, नवव्या-दहाव्यात ऋषभावरून पंचमावर जायचं, शेवटच्या दोन बारमध्ये पुन्हा आरंभाकडे नेणारी साखळी गुंफायची. चार्ली पार्करच्या १९५१ सालच्या ‘ब्लूज फॉर अ‍ॅलिस’मध्ये तर एकेका बारमध्ये दोन-दोन कॉर्ड येतात. इतिहासकार सहसा हीच बेरीज मांडतात. गिटारवादकाच्या हाताचा इतिहास मात्र वजाबाकीचा आहे.

ही वजाबाकी मला चुकांमधून कळली. मी चाळिशीनंतर गिटार हाती घेतली. शिक्षण म्हणजे जुनी पुस्तकं आणि रेकॉर्डी. सहाही तारांवरच्या भरगच्च कॉर्ड पाठ केल्या आणि बेसीच्या रेकॉर्डबरोबर वाजवायला बसलो, तर नुसता गदारोळ. दोष बोटांचा समजून दोन वर्षं बोटं झिजवली. दोष बोटांचा नव्हता. त्या वाद्यवृंदात कॉर्डचा मूळ स्वर वॉल्टर पेजच्या बासवर होता आणि वरचे स्वर बेसीच्या पियानोवर. मी दोघांचीही जागा अडवत होतो.

मग उरतं काय? जी या स्वराला षड्ज मानू. षड्जावरच्या कॉर्डची ओळख दोन स्वरांत असते: शुद्ध गंधार आणि कोमल निषाद. गिटारवर मूळ स्वर सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर. निषाद चौथ्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर. गंधार तिसऱ्या तारेवर चौथ्या पडद्यावर. बाकीच्या तारा मुक्या. आता मध्यमावरच्या कॉर्डवर जायचं. वरची दोन्ही बोटं फक्त एकेक पडदा खाली सरकतात. कोमल निषादाचा शुद्ध धैवत होतो आणि शुद्ध गंधाराचा कोमल गंधार. मूळ स्वर त्याच पडद्यावर राहून पाचव्या तारेवर जातो. ब्लूज गाणारा गळा ज्या दोन गंधारांमध्ये हेलकावे खातो, तेच दोन गंधार इथे एका बोटाच्या सरकण्यात सापडतात. हे हाताला कळलं त्या रात्री मी बराच वेळ तेवढंच वाजवत बसलो.

ग्रीनही या तीन स्वरांच्या कॉर्डसाठीच ओळखला जातो. चार्ली ख्रिश्चन १९३९ साली बेनी गुडमनकडे आला आणि विजेच्या गिटारने साथीदाराचा एकल वादक केला. ग्रीन मात्र विजेविना, तारा उंच ठेवलेली गिटार घेऊन प्रत्येक मात्रेवर एक आघात करत राहिला.

इथे पुराव्यांचं भांडण सुरू होतं. चित्रफितींत त्याची बोटं तीन तारांवर दिसतात. पण ध्वनिमुद्रणं, विशेषतः नंतरची, बारकाईने ऐकणाऱ्या गिटारवादकांना पुष्कळदा एकच स्वर स्पष्ट ऐकू आला, बहुधा चौथ्या तारेवरचा. बाकीची बोटं तारांना टेकलेली, पण न दाबलेली. मीही ऐकून पाहिलं, आणि मला ते पटलं. कॉर्डगणिक बदलणारा तो एकेक स्वर जोडला की एक सलग, हळू आवाजातली धून तयार होते. डोळ्यांचा पुरावा मानला तर ग्रीन कॉर्ड वाजवत होता. कानांचा मानला तर मधल्या सप्तकात एक दुसरी बासच चालवत होता.

मी कानांच्या बाजूने आहे. शिकवणीच्या पुस्तकांत ‘फ्रेडी ग्रीनच्या कॉर्ड’ म्हणून तीन ठिपक्यांच्या आकृत्या छापलेल्या असतात. त्या चुकीच्या नाहीत, अपुऱ्या आहेत. हात कुठे ठेवायचा ते त्या सांगतात. कुठलं बोट दाबायचं नाही, ते सांगत नाहीत. माझ्या वहीतल्या आकृत्यांमध्ये दोन-दोन ठिपक्यांवर आता पेन्सिलीची फुली आहे. ते मी खोडलेले नाहीत, कारण बोटं तिथेच ठेवायची असतात.