ग्रहलाघवांतील शनि व परंड्याची एक रात्र

ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञानें शके १४४२ (इ. स. १५२०) मध्यें निरनिराळ्या ग्रहांकरितां निरनिराळे पक्ष कां स्वीकारले, हा प्रश्न विचारार्ह आहे. रवि व चंद्रोच्च सौरपक्षाचे, चंद्र त्याच पक्षाचा, पण ९ कला उणा, गुरु, मंगळ व राहु आर्यपक्षाचे, बुधकेंद्र ब्राह्मपक्षाचें, शुक्रकेंद्र ब्राह्म व आर्य यांच्या मध्यावरचें, आणि शनि आर्यपक्षाचा, पण ५ अंश अधिक. वरवर पाहणारास ही सोयीपुरती गोळाबेरीज वाटेल. आमच्या मतें ती तशी नाहीं.

याचें प्रमाण गणेशाच्या घरांतच सांपडतें. त्याचा पिता केशव कोंकणांतील नांदगांवचा. त्यानें शके १४१८ (इ. स. १४९६) मध्यें ग्रहकौतुक हा करणग्रंथ रचला. त्यावरील स्वतःच्या टीकेंत तो सांगतो कीं, ग्रंथांवरून येणारे ग्रह आकाशाशीं मिळत नाहींत. नक्षत्रांशीं होणाऱ्या युति, उदय व अस्त पाहून अंतर काढावें, आणि पुढील गणकांनींही तसेंच करावें. शनीचें ५ अंशांचें अंतर त्यानें तेथेंच नोंदिलें आहे. पुत्रानें पित्याचा वेध सूत्रांत बसविला, इतकाच याचा अर्थ.

दुर्बिणीवांचून हें कळलें कसें, अशी शंका कोणी घेईल. तिच्या निरसनार्थ आम्ही ता. १८ जानेवारी २०२५ रोजीं परंड्यास एका घरामागील अंगणांत लहान दुर्बीण मांडून बसलों. पश्चिमेस शुक्र व शनि सुमारें २ अंशांच्या अंतरानें, वर रोहिणीशेजारीं गुरु, पूर्वेस पुनर्वसूजवळ मंगळ. दुर्बिणींतून शुक्राचें बिंब अर्धें, शनीचें कडें रेषेसारखें बारीक, व गुरूचे उपग्रह दिसले. यांतील कांहींही केशवास दिसणें शक्य नव्हतें. परंतु ग्रहांचीं परस्पर अंतरें दुर्बिणीवरून डोळा काढतांच दिसत होतीं, आणि केशवास तींच हवीं होतीं. ५ अंश म्हणजे चंद्रबिंबाची सुमारें दहा पट रुंदी. एवढी चूक दक्ष डोळ्यापुढें लपत नाहीं.

परंड्याचा किल्लाही या कालाचा साक्षी आहे. इ. स. १६०० त अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरानें दुसऱ्या मुर्तजास निजामशाहीच्या गादीवर बसविलें, तेव्हां राजधानी येथें आली. पुढें दहाच वर्षांनीं, जानेवारी १६१० त, गॅलिलिओनें पादुआ येथें गुरूचे उपग्रह पाहिले. त्या वेळीं ग्रहलाघवास ९० वर्षें झालीं होतीं. पुढें पंचांगकर्त्यांनीं त्याचे अंक जपले, पण केशवाची वेधाची आज्ञा मागें पडली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं १८९६ त प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत केशवाचे वेध पुन्हां प्रकाशांत आणले, हें त्यांचें मोठें ऋण होय.

ज्यांच्या संग्रहीं ग्रहलाघवाच्या जुन्या पोथ्या असतील त्यांनीं समासांत कोठें वेधांची नोंद आहे काय तें अवश्य पाहावें व कळवावें. अशी एक नोंद सांपडली तरी आज्ञा अगदींच विसरली गेली नव्हती, असें म्हणतां येईल.