फिल्मकडून डिजिटल रेंजफाइंडरकडे : कृष्णधवल छायाचित्रणातील स्थित्यंतर आणि देहूच्या दृश्य-इतिहासाची साधने

प्रस्तावना

इतिहासलेखनात कागदपत्रे, शिलालेख, नाणी आणि मौखिक परंपरा या साधनांची चिकित्सा कशी करावी याचे शास्त्र मराठी अभ्यासकांनी दीर्घकाळ जोपासले आहे. छायाचित्र या साधनाकडे मात्र बहुधा ग्रंथाची सजावट म्हणूनच पाहिले गेले. ते कोणत्या कॅमेऱ्याने घेतले, कोणत्या फिल्मवर घेतले, मूळ निगेटिव्ह कोठे आहे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फिल्मची जागा डिजिटल सेन्सरने घेतली आणि या साधनाचे स्वरूपच पालटले.

हे स्थित्यंतर कृष्णधवल छायाचित्रणात, विशेषतः रेंजफाइंडर प्रकारच्या कॅमेऱ्यात, कसे घडले आणि देहूसारख्या क्षेत्राच्या इतिहासाशी त्याचा काय संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. रेंजफाइंडरची निवड सहेतुक आहे. या प्रकारात कॅमेरा हाताळण्याची पद्धत जवळजवळ तीच राहिली आणि आतील साधन तेवढे बदलले. त्यामुळे बदल नेमका कशात झाला हे येथे स्वच्छ दिसते.

रेंजफाइंडर : यंत्र आणि परंपरा

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी ही मंडळी आरंभीच या विद्येकडे वळली. त्या काळातील कॅमेरा तिपाईवर ठेवावा लागे आणि समोरच्या व्यक्तीला स्थिर बसवावे लागे. चालत्या जनसमुदायाचे चित्र घेणे त्यात जवळपास अशक्य होते. १९२५ मध्ये जर्मनीतील लायका कॅमेरा बाजारात आला आणि पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर ३६ चित्रे घेणारे, खिशात मावणारे यंत्र उपलब्ध झाले. १९३२ च्या लायका दोनमध्ये रेंजफाइंडर लेन्सशी जोडला गेला. १९५४ च्या एम-३ ने या रचनेला जे रूप दिले ते मुख्यतः आजही टिकून आहे.

रेंजफाइंडरचे तत्त्व सोपे आहे. दृश्य लेन्समधून न पाहता शेजारच्या खिडकीतून पाहिले जाते. तिच्या मध्यभागी एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात आणि लेन्स फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की अंतर जुळते. आत आरसा नसल्याने आवाज कमी होतो आणि चित्र घेण्याच्या क्षणी दृश्य डोळ्यांआड जात नाही. चौकटीच्या बाहेरचा भागही खिडकीत दिसत असल्याने आत कोण येत आहे याचा अंदाज आधीच येतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९४७-४८ मध्ये भारतात जी चित्रे घेतली त्यांमागे याच यंत्राची चपळता होती.

भारतातील कृष्णधवल छायाचित्रणाला स्वदेशी आधारही लाभला होता. १९६० मध्ये स्थापन झालेल्या आणि १९६७ मध्ये उत्पादन सुरू केलेल्या उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची 'इंदू' ही फिल्म अनेक हौशी छायाचित्रकारांच्या परिचयाची होती. ही कंपनी नव्वदच्या दशकात आजारी ठरली. पुढील दशकात जागतिक पातळीवरही तेच चित्र दिसले. २००४ मध्ये इंग्लंडमधील इलफर्ड अडचणीत आली, २००५ मध्ये आग्फा-फोटो दिवाळखोरीत गेली, त्याच वर्षी कोडॅकने कृष्णधवल प्रिंटसाठीचा कागद बनवणे थांबवले आणि २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. छायाचित्रकारांनी फिल्म सोडली यात आवडीनिवडीइतकाच या बाजारव्यवस्थेचा वाटा होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

स्थित्यंतराचे टप्पे

डिजिटल छायाचित्राचा आरंभच कृष्णधवल होता. १९७५ मध्ये कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याने ०.०१ मेगापिक्सेलचे कृष्णधवल चित्र घेतले. ते कॅसेटवर नोंदवण्यास २३ सेकंद लागत. त्याच संस्थेतील ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये एका रंगजाळीचे पेटंट मिळाले. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एक सूक्ष्म गाळक बसवायचा आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढायचे, ही ती योजना होय. पुढे बहुतेक सर्व डिजिटल कॅमेऱ्यांनी ही जाळी स्वीकारली. परिणामी डिजिटल चित्र मुळात रंगीत ठरले आणि कृष्णधवल ही नंतर करावयाची क्रिया झाली.

रेंजफाइंडरमध्ये हा बदल २००४ मध्ये एप्सन आर-डी-१ या कॅमेऱ्याने आला. ६.१ मेगापिक्सेलच्या या यंत्रात दर चित्रानंतर शटर ताणण्यासाठी फिल्म-कॅमेऱ्यासारखाच खटका ओढावा लागे. पुढे ढकलायची फिल्म आत नव्हती, पण अंगठ्याची सवय राखली गेली. २००६ मध्ये लायका एम-८ आला. त्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्याने ३५ मिलिमीटरची लेन्स सुमारे ४७ मिलिमीटरसारखी वागे. गर्दीत अगदी जवळून काम करणाऱ्याला ही मोठी अडचण होती. शिवाय त्याचे यांत्रिक शटर जुन्या कापडी शटरपेक्षा अधिक आवाज करी. २००९ च्या एम-९ मध्ये फिल्मच्या पूर्ण चौकटीएवढा, १८ मेगापिक्सेलचा सेन्सर आला आणि जुन्या लेन्स पुन्हा आपल्या मूळ दृष्टिकोनाने वापरता येऊ लागल्या.

२०१२ मध्ये आलेल्या लायका एम मोनोक्रोमने बायरची रंगजाळीच काढून टाकली. हा कॅमेरा रंग नोंदवू शकत नाही. आकाश गडद हवे असेल तर फिल्मच्या काळाप्रमाणे लेन्सवर पिवळी, नारिंगी किंवा लाल काच लावावी लागते आणि तो निर्णय चित्र घेण्यापूर्वीच करावा लागतो. रंगजाळी गेल्याने प्रकाश वाया जात नाही, त्यामुळे मंद उजेडातही तो उपयोगी पडतो. तंत्रज्ञान पुढे जात असताना जुनी शिस्त परत आल्याचे हे उदाहरण आहे. फिल्मचाही अंत झाला नाही. २०२२ मध्ये लायकाने एम-६ हा फिल्म-कॅमेरा पुन्हा बाजारात आणला.

महाराष्ट्रातील काही उदाहरणे या संदर्भात बोलकी आहेत. ज्येष्ठ छायाचित्रकार रघु राय यांनी २००३ मध्ये मुंबईतील एका कामाच्या वेळी डिजिटल कॅमेरा हाती घेतला आणि नंतर ते फिल्मकडे वळले नाहीत. त्यांचा कॅमेरा रेंजफाइंडर नव्हता, तथापि काळाची दिशा त्यातून कळते. मुंबईच्या केतकी शेठ यांनी सुमारे तीन दशके कृष्णधवल फिल्मवर काम केल्यानंतर 'फोटो स्टुडिओ' या मालिकेत डिजिटल आणि रंग ही दोन्ही एकदमच स्वीकारली. फिल्मच्या काळात कृष्णधवल हे माध्यमाचेच स्वरूप होते. डिजिटल काळात तो प्रत्येक वेळी नव्याने करावयाचा निर्णय ठरतो.

देहूची वारी : साधनबदलाची कसोटी

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे प्रस्थान होते. परंपरेनुसार हा सोहळा तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केला. देहूतील इनामदार वाड्यातील मुक्कामानंतर पालखी आकुर्डीकडे निघते, म्हणजे पहिल्याच वाटचालीत ती पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात प्रवेश करते. या सोहळ्याची दृश्यरचना कृष्णधवल छायाचित्रणासाठी जितकी अनुकूल तितकीच कठीण आहे. पांढरे धोतर, पांढरी टोपी, उन्हाने रापलेले चेहरे, कपाळावरचा काळा बुक्का आणि वर जूनमधील ढगाळ आभाळ, असे तीव्र छटांचे विश्व येथे एकाच चौकटीत येते.

फिल्म आणि सेन्सर यांतील मूलभूत भेद येथे उघड होतो. निगेटिव्ह फिल्मला थोडा अधिक प्रकाश मिळाला तरी पांढऱ्या वस्त्राच्या चुण्या बहुधा शाबूत राहतात. कमी प्रकाश मिळाला तर मात्र छायेतील तपशील कायमचा हरपतो. म्हणून जुना छायाचित्रकार छायेचा अंदाज घेऊन प्रकाश ठरवी. सेन्सरचे याउलट आहे. छायेतील तपशील नंतर बऱ्याच अंशी उजळता येतो, पण प्रकाश मर्यादेबाहेर गेला की पांढऱ्या सदऱ्याच्या जागी कोरा डाग उरतो आणि तो कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. देवळाच्या अंधाऱ्या सभामंडपात वीणेकरी उभा आणि दारातून ऊन आत येत असेल, तर फिल्मवर घेतलेल्या चित्रात ओसरीतले चेहरे हरवण्याचा संभव अधिक, तर डिजिटल चित्रात दारातली माणसे. चित्रात कोण दिसत नाही याचे कारण काही वेळा सामाजिक असते आणि काही वेळा तांत्रिक. अभ्यासकाला हा विवेक करता आला पाहिजे.

दुसरे उदाहरण भगव्या पताकेचे. कृष्णधवल फिल्मवर ती कोणत्या छटेची दिसेल हे फिल्म आणि लेन्सवरील काच यांवर अवलंबून असते. रंगीत सेन्सरवर घेतलेल्या चित्राचे संगणकावर कृष्णधवलात रूपांतर करताना तीच पताका जवळजवळ पांढरी किंवा जवळजवळ काळी करता येते. मोनोक्रोममध्ये हे स्वातंत्र्य नसते. एम-८ मध्ये आणखी एक वैगुण्य होते. अवरक्त किरण त्याला अधिक जाणवत, त्यामुळे काळे कृत्रिम कापड जांभळट येई. कृष्णधवल रूपांतरात हा दोष राखाडी छटेत लपतो आणि काळ्या छत्रीचे कापड प्रत्यक्षाहून फिके भासू शकते. अशा चित्रावरून वस्त्रांच्या रंगाविषयी विधान करणे धोक्याचे ठरते.

मूळ प्रत कोणती ?

फिल्मच्या काळात मूळ प्रत म्हणजे निगेटिव्ह, हे निःसंदिग्ध होते. एका रोलवरील ३६ चौकटींची क्रमवार छोटी प्रिंट, म्हणजे कॉन्टॅक्ट शीट, हे तर इतिहासकाराला मोलाचे साधन आहे. प्रसिद्ध झालेल्या चित्राच्या आधी आणि नंतर काय घडले, कोणते प्रयत्न फसले, हे त्यावरून कळते. डिजिटल पद्धतीत नको असलेले चित्र जागीच पुसता येते आणि मागे त्याची खूण राहत नाही. उलट फाइलमध्ये दिनांक, वेळ आणि शटरचा वेग आपोआप नोंदला जातो, जो निगेटिव्हवर नसतो. ही नोंदही तपासूनच स्वीकारली पाहिजे. कॅमेऱ्यातील घड्याळ चुकीचे लावलेले असू शकते. एम-९ सारख्या कॅमेऱ्याचा लेन्सच्या छिद्राशी विद्युत-संबंध नसल्याने तेथील छिद्राचा आकडा अनुमानित असतो.

टिकाऊपणाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी गंभीर आहे. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' हा १९३६ मधील कृष्णधवल चित्रपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पुढे ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांचे मूळ साहित्य नष्ट झाले. ज्यांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर आधी काढल्या होत्या ते चित्रपट राहिले. डिजिटल फाइलला दमट हवेतील बुरशी लागत नाही, पण ती ज्या सीडीवर किंवा हार्ड डिस्कवर असते ती अचानक निकामी होते. एम-९ च्या सेन्सरवरील काचही काही वर्षांत खराब होत असल्याचे पुढे आढळले आणि सेन्सर बदलावे लागले.

या प्रश्नाचे एक उत्तर देहूच्याच परंपरेत मिळते. तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडवले गेले आणि तरले, ही श्रद्धा सर्वश्रुत आहे. ग्रंथेतिहासाच्या दृष्टीने पाहता गाथा टिकली ती अनेकांनी केलेल्या नकलांमुळे. चाकणचे संताजी जगनाडे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वह्या त्यांतील प्रमुख होत. इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत गाथा छापली, तेव्हा संपादकांनी निरनिराळ्या ठिकाणच्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि पाठभेद नोंदवले. डिजिटल छायाचित्राचेही असेच आहे. त्याचे अस्तित्व एका वस्तूत नसून प्रतींच्या साखळीत असते आणि प्रत्येक रूपांतर हा एक पाठभेद असतो. कॅमेऱ्यातून निघालेली असंस्कारित फाइल आणि प्रसिद्ध झालेले कृष्णधवल चित्र ही दोन्ही ताडून पाहिल्याशिवाय चित्राचा पाठ निश्चित होत नाही.

समारोप

फिल्म ते डिजिटल हे स्थित्यंतर मुख्यतः २००४ ते २०१२ या काळात घडले. याच सुमारास या परिसराचे रूप झपाट्याने बदलले. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १० लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे १७ लाखांवर गेली. २००९ मध्ये चाकण येथे फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. माळरान, ओढे, गावठाण आणि इंद्रायणीचा काठ बदलत असतानाच तो बदल टिपणारे साधनही बदलत होते. निगेटिव्ह जपण्याची सवय सुटत होती आणि फाइल जपण्याची सवय अजून जडली नव्हती. म्हणून या आठ-नऊ वर्षांतील छायाचित्रे या परिसराच्या दृश्य-इतिहासात सर्वांत अधिक धोक्यात आहेत.

या दृष्टीने परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना काही कामे हाती घेता येतील. स्थानिक फोटो स्टुडिओ आणि हौशी छायाचित्रकार यांच्याकडील निगेटिव्ह चांदीसाठी भंगारात जाण्यापूर्वी मिळवणे, त्या आम्लरहित पाकिटांत कोरड्या जागी ठेवणे, डिजिटल फाइलींच्या मूळ प्रती किमान दोन वेगळ्या ठिकाणी राखणे आणि दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवणे, ही त्यांतील पहिली होत. यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक चित्रासोबत स्थळ, तिथी, दिंडीचा क्रमांक, कॅमेरा आणि केलेले संस्कार यांची लेखी नोंद करणे. हे काम छायाचित्रकार हयात असतानाच होऊ शकते. गाथेच्या संपादकांपुढे पोथ्या होत्या, कारण त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी त्या उतरवून घेतल्या होत्या. पुढील अभ्यासकांपुढे देहूची छायाचित्रे असतील की नाही, हे आज कोणी ती उतरवून घेतो की नाही यावर ठरेल.